लोकप्रियतेची क्रमवारी आणि तिचे दलाल

वेबकॅमवरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या स्त्रियांची जी मोठी संकेतस्थळे गेल्या पाव शतकात अमेरिकेत आणि युरोपात उभी राहिली, त्यांपैकी कोणत्याही स्थळाचे पहिले पान उघडले, तर लहान लहान चित्रांच्या रांगाच रांगा दिसतात. प्रत्येक चित्रामागे त्या घटकेला एखादी व्यक्ती आपल्या खोलीत किंवा भाड्याच्या स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर बसलेली असते, आणि कोणते चित्र पहिल्या रांगेत यावे व कोणते चौदाव्या पानावर ढकलले जावे, याचा निवाडा एक यंत्र सतत करीत असते. हा व्यवसाय नीतीला धरून आहे की नाही, याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि पुढेही होत राहील. परंतु त्या चर्चेच्या कोलाहलात एक निव्वळ हिशेबाचा प्रश्न मागे पडतो, आणि तो असा की, ज्यांची रोजची भाकरी त्या रांगेतील जागेवर अवलंबून आहे, त्यांना ती जागा कोणत्या न्यायाने मिळते, आणि त्या रांगेकडे माणसे लोटण्यासाठी बाहेर जी दलाली चालते, तिचा भार अखेरीस कोणाच्या माथी बसतो. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच यंत्रणेची दोन टोके आहेत, आणि एकाचा विचार दुसऱ्यावाचून करता येत नाही.

या धंद्याचा आरंभ अगदी निरुपद्रवी होता. 1991 साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत, दूरच्या खोल्यांत बसणाऱ्या संशोधकांना कॉफीचे भांडे भरलेले आहे की रिकामे हे जागेवरूनच कळावे म्हणून त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखण्यात आला, आणि 1993 पासून ते चित्र जगभर दिसू लागले. 1996 च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातील डिकिन्सन महाविद्यालयाची विद्यार्थिनी जेनिफर रिंग्ली हिने आपल्या वसतिगृहाच्या खोलीत कॅमेरा लावून स्वतःचे दैनंदिन जीवन लोकांपुढे मांडले. 2003 च्या अखेरीस तिने तो बंद केला. तिच्या ठिकाणी कॅमेरा एकच होता, त्यामुळे कोणाला वर आणि कोणाला खाली ठेवावे हा प्रश्न उपस्थित होण्याचे कारण नव्हते. तो उद्भवला तो एकाच छताखाली शेकडो आणि मग हजारो कॅमेरे आणणाऱ्या कंपन्यांमुळे. 2001 साली हंगेरीत लाइव्हजस्मिन निघाले, 2004 साली अमेरिकेत मायफ्रीकॅम्स आणि 2011 साली चॅटरबेट. खोलीत प्रवेश विनामूल्य, आणि प्रेक्षकाला वाटेल तेव्हा त्याने टोकनांच्या रूपाने बक्षिसी द्यावी, अशी पद्धत शेवटच्या दोन स्थळांनी रूढ केली. प्रेक्षक एक टोकन साधारणपणे आठ ते अकरा सेंटांना विकत घेतो, आणि त्यातले पाच सेंट कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे मॉडेलच्या, खात्यावर जमा होतात.

आता क्रमवारीकडे वळू. मायफ्रीकॅम्सवर प्रत्येक मॉडेलच्या नावापुढे ‘कॅमस्कोअर’ म्हणून एक आकडा असतो आणि पानावरील जागा मुख्यत्वे त्यावरून ठरते. नव्याने येणारीला आरंभी 1000 हा आकडा मिळतो आणि पुढे तो वरखाली होत राहतो. त्याचे समग्र सूत्र कंपनीने आपल्या दफ्तराबाहेर जाऊ दिलेले नाही; तथापि त्याचा गाभा या धंद्यातील सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे, तो असा की, कॅमेऱ्यासमोर घालवलेल्या दर तासामागे किती टोकने पडली, याचे अलीकडच्या काळातील प्रमाण त्यात मोजले जाते. वरवर पाहता यात काही वावगे दिसत नाही, उलट जी अधिक लोकांना आवडते तिला अधिक टोकने मिळणार आणि तीच वर दिसणार, हे उचितच वाटते; परंतु हा हिशेब कागदावर मांडून पाहिला, म्हणजे त्यातील खोच लक्षात येते. समजा, एखादी मॉडेल रात्रीच्या गर्दीच्या सहा तासांत 1200 टोकने मिळवते. तिचे प्रमाण तासाला 200 झाले. पहाटेकडे गर्दी ओसरली असताना ती आणखी चार तास बसून राहिली आणि दर तासाला तिला शंभरच टोकने मिळाली, तर तिच्या खात्यावर 400 टोकनांचे म्हणजे 20 डॉलर वाढतात, मात्र दहा तासांची सरासरी 160 वर उतरते आणि दुसऱ्या दिवशी ती रांगेत मागे सरकते. अधिक काम केले, अधिक मिळवले आणि त्याबद्दल पायरी खाली उतरावी लागली, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच मंदीच्या वेळी कॅमेरा बंद करून उठून जाणे हे तिथे शहाणपणाचे मानतात. ज्या बाईला मूल झोपल्यानंतरच्या दोन तासांतच बसता येते, किंवा दिवसाची दुसरी नोकरी सांभाळून आडवेळेलाच कॅमेरा लावणे भाग असते, तिला हे शहाणपण परवडत नाही. तिचा आकडा तिच्या गुणांविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक तिच्या घड्याळाविषयी सांगतो.

चॅटरबेटवर निराळी रीत आहे. तिथे खोल्यांची मांडणी प्रामुख्याने त्या क्षणीच्या प्रेक्षकसंख्येवरून होते. म्हणजे जिथे माणसे जमली आहेत ती खोली वर, आणि ती वर असल्यामुळे तिथे आणखी माणसे. हा आवर्त कसा चालतो याचा एक सुंदर प्रयोग कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी संगीताच्या क्षेत्रात करून 2006 साली प्रसिद्ध केला. अपरिचित वाद्यवृंदांची 48 गाणी त्यांनी 14,341 लोकांपुढे ठेवली. काहींना केवळ गाण्यांची नावे दाखवली, आणि उरलेल्यांची आठ स्वतंत्र जगांत वाटणी करून प्रत्येक जगात त्या जगापुरते कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले हेही दाखवले. परिणाम असा दिसला की, जिथे दुसऱ्यांची पसंती दिसत होती, तिथे यशस्वी आणि अयशस्वी गाण्यांतील अंतर वाढले आणि कोणते गाणे यशस्वी होईल याचा अंदाज बांधणे अवघड झाले. अत्युत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ गाणी सहसा शिखरावर चढली नाहीत. मधल्या विशाल प्रदेशात मात्र एका जगातले वरचे गाणे दुसऱ्या जगात खाली पडलेले आढळले. सुरुवातीच्या थोड्या लोकांनी योगायोगाने जे केले, त्यावर पुढच्यांचे नशीब ठरले. वेबकॅमच्या पानावरील मॉडेलांत पुष्कळशा या मधल्या प्रदेशातल्या असतात, आणि त्यांच्यापुरता तो सुरुवातीचा योगायोग कोणी पैसे देऊन विकत घेऊ शकतो, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

जागेचा प्रभाव किती असतो, हे आकड्यांनीही दाखवता येते. कॉर्नेल विद्यापीठातील अशुदीप सिंग आणि थॉर्स्टन योआखिम्स यांनी 2018 साली क्रमवारीतील न्यायावर जो निबंध लिहिला, त्यात नोकरीच्या सहा उमेदवारांचा एक दाखला आहे. तीन पुरुषांची योग्यता 0.80, 0.79 आणि 0.78, तीन स्त्रियांची 0.77, 0.76 आणि 0.75. दोन्ही गटांच्या सरासरीत अंतर अवघे 0.03. योग्यतेप्रमाणे त्यांना एकाखाली एक लावले आणि वरून खाली जाताना पाहणाऱ्याचे लक्ष ज्या रूढ गणिती प्रमाणात घटते असे मानतात, तेच प्रमाण लावले (पहिल्या जागेला 1, दुसरीला सुमारे 0.63, तिसरीला 0.5, आणि पुढे याच क्रमाने), तर पुरुषांच्या वाट्याला सरासरी 0.71 आणि स्त्रियांच्या वाट्याला 0.39 लक्ष येते. योग्यतेतील शंभरातल्या तीन भागांचे अंतर लक्षाच्या वाटणीत शंभरातले बत्तीस भाग झाले. आणि यात कोणी लबाडी केलेली नाही, क्रम अगदी बिनचूक आहे. क्रमवारीला आपण मापन समजतो आणि मापन अचूक असले की समाधान पावतो. वस्तुतः ती एका मर्यादित ऐवजाची, म्हणजे लोकांच्या नजरेची, वाटणी असते, आणि वाटणीला लावायच्या कसोट्या मापनाला लावायच्या कसोट्यांहून वेगळ्या असतात. सर्व खोल्या सारख्याच मानाव्यात असे माझे म्हणणे नाही. रतिमात्र फरकाला पर्वताएवढे फळ देणारी वाटणी न्याय्य आहे हे मात्र कोणी गृहीत धरू नये.

आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे दलालीकडे, येऊ. एखाद्या दुकानाकडे गिऱ्हाईक पाठवावे आणि त्याने केलेल्या खरेदीवर दस्तुरी घ्यावी, ही पद्धत इंटरनेटवर फार लवकर आली; ॲमेझॉनने 1996 च्या जुलैमध्ये आपली सहयोगी योजना काढली तेव्हा ती सर्वतोमुखी झाली. तिची यंत्ररचना साधी आहे. प्रत्येक दलालाला एक दुवा मिळतो, ज्याच्या शेपटाला त्याचा सांकेतिक क्रमांक जोडलेला असतो. तो दुवा कोणी दाबला की त्याच्या संगणकात ‘कुकी’ नावाची एक बारीक नोंद ठेवली जाते (ही युक्ती 1994 साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली याने काढली), आणि त्या माणसाने पुढे खाते उघडले किंवा पैसे भरले, तर त्या नोंदीच्या आधारे दस्तुरी कोणाची ते ठरते. वेबकॅमच्या धंद्यात दस्तुरीचे दोन प्रकार मुख्य आहेत. एकात नव्या नोंदणीमागे ठरावीक रक्कम मिळते. दुसऱ्यात आणलेला माणूस पुढे जे खर्च करील त्याचा शेकडा वीस किंवा त्याहून अधिक हिस्सा, आणि तोही पुष्कळदा तो माणूस खर्च करीत राहील तोवर, मिळतो. पहिल्या प्रकारात दलालाला माणसांच्या संख्येशी कर्तव्य असते, माणसाच्या इच्छेशी नसते. दुसऱ्या प्रकारात एखादे सधन आणि व्यसनाधीन गिऱ्हाईक हाती लागले तर आयुष्यभराची पेन्शन मिळाल्यासारखे होते. दोन्ही प्रकारांत जाळे शक्य तितके रुंद फेकण्याला उत्तेजन आहे आणि जाळे फेकण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. न मागितलेल्या संदेशांच्या माऱ्याचे, म्हणजे स्पॅमचे, मूळ या दोन गोष्टींच्या संयोगात आहे. दलालांच्या दुष्टपणाने त्याचा उलगडा होत नाही.

या जाळ्याची रूपे अनेक आहेत. नको असलेल्या ईमेलांचा पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे. विवाहेच्छू किंवा मैत्रीच्या ॲपवर एखाद्या आकर्षक तरुणीचे बनावट खाते यावे, दोनचार वाक्यांच्या गोड संभाषणानंतर तिने ‘मला इथे भेट’ म्हणून दुवा पाठवावा, आणि त्या दुव्याच्या शेपटाला दलालाचा क्रमांक असावा, हा प्रकारही आता नवा राहिलेला नाही. त्या संभाषणात तरुणी नसतेच, बॉट म्हणजे आपोआप उत्तरे देणारे यंत्र असते. गूगलची क्रमवारी दुव्यांच्या संख्येकडे पाहते हे उमगल्यावर दलालांनी यंत्रांकरवी परक्या पानांवर लाखो दुवे पेरले, आणि 2005 च्या जानेवारीत गूगलला ‘नोफॉलो’ नावाची खूण काढावी लागली, जी लावली की त्या दुव्याला क्रमवारीत वजन मिळत नसे. दुवा न दाबताच माणसाच्या संगणकात गुपचूप कुकी कोंबून ठेवायची आणि त्याने आपणहून काही खरेदी केली की तिच्यावर दस्तुरी उकळायची, हा याहून सूक्ष्म प्रकार. ईबे या लिलावाच्या स्थळाच्या एका सर्वांत मोठ्या दलालाने काही वर्षांत सुमारे 2 कोटी 80 लाख डॉलर दस्तुरी उचलली होती. कुकी कोंबण्याच्या आरोपाखाली त्याच्यावर खटला झाला आणि 2014 साली त्याला पाच महिन्यांचा कारावास मिळाला. इथे फसवली गेली ती खुद्द कंपनी, म्हणून खटला उभा राहिला. जिथे कंपनीचा फायदाच होतो आणि फसवले जातात ते तिऱ्हाईत लोक, तिथे जबाबदारी कोणाची?

अमेरिकेच्या कायद्याने या प्रश्नाला काही उत्तर दिले आहे आणि ते मला मननीय वाटते. 2003 च्या डिसेंबरमध्ये तिथे स्पॅमविरोधी कायदा मंजूर झाला. त्याखाली 2004 च्या मेपासून लैंगिक मजकुराच्या ईमेलच्या विषयाच्या ओळीतच ठरावीक शब्दांत इशारा देणे सक्तीचे झाले. या कायद्यातील लक्षणीय गोष्ट अशी की, जो ईमेल पाठवतो त्याच्याबरोबर, मोबदला देऊन दुसऱ्याकडून तो पाठवून घेणाराही त्याच्या कक्षेत येतो. 2005 च्या जुलैत फेडरल ट्रेड कमिशनने सात कंपन्यांवर इशाऱ्याच्या त्या नियमाच्या भंगाचे आरोप ठेवले. त्यांपैकी ॲरिझोनातील सायबरहीट या कंपनीची कैफियत थोडक्यात अशी होती की, ईमेल आम्ही पाठवले नाहीत, स्वतंत्र दलालांनी पाठवले, आणि आमच्या करारात स्पॅमला मनाई आहे. न्यायालयाने 2007 साली कोणत्याही पक्षाच्या बाजूने सरसकट निकाल दिला नाही. कंपनीला काय ठाऊक होते आणि तिने कशाकडे डोळेझाक केली, हे पुराव्याने तपासावे लागेल, अशी भूमिका घेतली. आणि पुढे कंपनीने दंड भरून तडजोड केली. करारात मनाईचे एक कलम घालायचे आणि प्रत्यक्षात त्याच मनाई केलेल्या मार्गाने आलेल्या गिऱ्हाइकांवर दस्तुरी वाटत राहायचे, ही रीत आजही सर्रास आढळते, आणि म्हणून त्या जुन्या खटल्याचे महत्त्व कमी झालेले नाही. जो दस्तुरी देतो, त्याच्याजवळ प्रत्येक दलालाच्या क्रमांकावर किती माणसे आली, किती क्षणांत आली आणि त्यांपैकी किती जणांनी पुन्हा तोंड दाखवले नाही, याची बिनचूक नोंद असते. ती नोंद पाहूनच तो पैसे मोजतो. अशा मालकाने अज्ञानाची ढाल पुढे करावी, हे मान्य करण्यासारखे नाही.

हा दलालीचा ओघ क्रमवारीला कुठे येऊन मिळतो? पुष्कळ दलालांचे दुवे एखाद्या विशिष्ट मॉडेलच्या खोलीत नेत नाहीत. ते स्थळाच्या पहिल्या पानावर, किंवा त्या घटकेला जी खोली सर्वांत वर आहे तिच्यात, नेऊन सोडतात. म्हणजे स्पॅमने ओढून आणलेली माणसे आधीच वर असलेल्यांच्या खोल्यांत पडतात, प्रेक्षकसंख्या फुगते, आणि फुगलेली संख्या हीच पुढच्या तासाच्या क्रमवारीची सामग्री बनते. जिच्याकडे पाहून लोक आले असे कागदोपत्री दिसते, तिच्याकडे पाहून ते आलेलेच नसतात. नोंदणीमागे दस्तुरी देण्याच्या पद्धतीमुळे जी पोकळ खाती निर्माण होतात, ती एकदा हाताशी आली की गर्दीचा भास उत्पन्न करण्याच्या कामी सहज लावता येतात. खेळांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या ट्विच या स्थळावर याच स्वरूपाचा धंदा इतका बोकाळला होता की, कंपनीने 2016 साली खोटे प्रेक्षक आणि खोटे अनुयायी विकणाऱ्या सात जणांना कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात खेचले, आणि 2018 च्या आरंभी त्यांतील दोघांविरुद्ध तेरा लाखांहून अधिक डॉलरचा हुकूमनामा झाला. ट्विचला प्रेक्षक खोटे नको होते, कारण जाहिरातदार खऱ्या प्रेक्षकांचेच पैसे देतो. वेबकॅमच्या स्थळांना ही निकड तितक्या तीव्रतेने भासत नाही. खोटा प्रेक्षक टोकन देत नसला, तरी त्याने भरलेली खोली खऱ्या प्रेक्षकाला मोह घालतेच.

टोकनांवर आधारलेली क्रमवारी याहून सुरक्षित असते असेही नाही. स्वतःच्या किंवा मित्राच्या नावाने टोकने विकत घेऊन ती स्वतःलाच दिली, तर मधली तूट सोसून वरची जागा विकत घेतल्यासारखे होते, आणि ज्याच्या गाठीला भांडवल आहे, म्हणजे बहुधा एखादा स्टुडिओ, त्यालाच ते परवडते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे निरीक्षण मांडले होते की, एखाद्या संख्येचा आपण नियंत्रणासाठी वापर करू लागलो की तिची आधीची नियमितता ढासळते. क्रमवारीचा प्रत्येक आकडा या निरीक्षणाची साक्ष देतो. मॉडेलने स्वतः आपला दुवा समाजमाध्यमांवर द्यावा, आपल्या चाहत्यांना बोलवावे, हे मी या दोषांत मोजीत नाही. आपल्या दुकानाची पाटी आपण लावण्यात अन्याय नाही. अन्याय तिथे सुरू होतो, जिथे तिऱ्हाइताच्या दारात, त्याने न बोलावता, हजारो पाट्या टाकल्या जातात आणि त्यांचा लाभ पुन्हा रांगेतल्या पहिल्या पाचपन्नासांत आणि कंपनीच्या तिजोरीत जमा होतो.

ही वाटणी कोणाच्या विरुद्ध झुकते, याचा शोध अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ अँजेला जोन्स यांनी घेतला आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी मायफ्रीकॅम्सवरील कॅमस्कोअर तपासले आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे आकडे गौरवर्णीय स्त्रियांच्या मानाने कमी असल्याचे दाखवले. निबंधाच्या शीर्षकातच ‘कृष्णवर्णीय मॉडेलांसाठी खाली सरका’ असे शब्द आहेत. प्रेक्षकांच्या मनातला वर्णद्वेष कंपनीने निर्माण केलेला नाही, हे खरे. पण प्रेक्षकाचा पूर्वग्रह टोकनांत उतरतो, टोकने आकड्यात उतरतात, आकडा जागेत उतरतो आणि जागा पुन्हा टोकनांत. या फेऱ्यात एकदा सापडलेली स्त्री आपल्या कर्तबगारीने बाहेर पडेल अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. आकडा तटस्थ दिसतो म्हणून तर हे अधिक दुःसह होते. पूर्वग्रह बोलून दाखवणाऱ्याशी भांडता तरी येते.

कोलंबिया या देशातील परिस्थिती याहून बिकट आहे. बोगोटा, मेडेयिन, काली या शहरांतील स्टुडिओंत काम करणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेऊन ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 2024 च्या डिसेंबरात एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. प्रेक्षकाने दिलेल्या पैशातून संकेतस्थळे शेकडा 50 ते 65 ठेवून घेतात, आणि उरलेल्यातून स्टुडिओ शेकडा 70 पर्यंत कापतात, असे त्यात नमूद आहे. हिशेब करून पाहावा: प्रेक्षकाने 100 डॉलर दिले, तर स्टुडिओने कमाल कपात केली असता कॅमेऱ्यासमोर बसलेल्या व्यक्तीच्या हाती साडेदहा ते पंधरा डॉलर पडतात. बाजार समितीत अडत, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हे ज्यांनी पट्टी हातात घेऊन पाहिले आहे, त्यांनाही ही कपात थक्क करील. शिवाय अठरा अठरा तासांच्या पाळ्या, घाणेरड्या कोंदट खोल्या, आणि नको असलेल्या कृत्यांसाठी दडपण, यांच्या साक्षी त्या अहवालात आहेत. क्रमवारीच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, ती अशी की, एखादी मुलगी स्टुडिओ सोडून गेली तरी तिचे खाते स्टुडिओच्या ताब्यात राहते, आणि त्या खात्यावर दुसऱ्याच कोणाला बसवले जाते. खात्याला आकडा असतो, अनुयायी असतात, जुनेपणाची पत असते. हे सर्व जिने कमावले तिच्याबरोबर जात नाही, मागे स्टुडिओच्या मालमत्तेत राहते. ओळखपत्र तपासून उघडलेल्या खात्यावर भलतीच व्यक्ती, प्रसंगी अल्पवयीनसुद्धा, बसवता येते, हा धोका तर आहेच. पण क्रमवारीला दिलेले अवाजवी महत्त्व हेच अशा जुन्या खात्याला किंमत प्राप्त करून देते, ही गोष्ट दुर्लक्षित राहते.

युरोपीय संघाने या दिशेने काही पावले टाकली आहेत. 2019 च्या एका नियमावलीनुसार (तिचा अंमल 12 जुलै 2020 पासून सुरू झाला) ऑनलाइन मध्यस्थाने आपल्या क्रमवारीचे मुख्य निकष आणि त्यांचे सापेक्ष महत्त्व व्यवसायी लोकांना करारातच सांगितले पाहिजे, आणि पैसे भरून वर जाण्याची सोय असेल तर तीही उघड केली पाहिजे. 2023 च्या डिसेंबरात स्ट्रिपचॅट या वेबकॅमच्या स्थळाची गणना संघाने अतिविशाल स्थळांत केली, आणि त्यामुळे त्याच्यावर अधिक कडक जबाबदाऱ्या आल्या. 2025 साली, त्याचे युरोपातील वापरकर्ते 4 कोटी 50 लाखांच्या मर्यादेखाली आहेत असे ठरून, ते नाव त्या यादीतून काढण्यात आले. आपल्याकडे हा व्यवसायच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 आणि 67-अ या कलमांच्या कचाट्यात येतो, त्यामुळे त्यातील कामकऱ्यांनी क्रमवारीविषयी दाद कुठे मागावी हा प्रश्नच उभा राहत नाही. मात्र 2020 च्या ई-वाणिज्य नियमांत आपल्या केंद्र सरकारनेही वस्तू आणि विक्रेते यांच्या क्रमवारीचे मुख्य निकष सोप्या भाषेत सार्वजनिक करण्याचे बंधन बाजारपेठ चालवणाऱ्यांवर घातले आहे. म्हणजे तत्त्व मान्य झाले आहे, पुण्याचा साड्यांचा व्यापारी त्याचा आधार घेऊ शकतो.

निकष उघड केले तर फसवणूक करणाऱ्यांचेच फावेल, असा आक्षेप कंपन्या घेतात, आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु सूत्र झाकून ठेवल्याने फसवणूक थांबलेली नाही. स्टुडिओ ते अनुभवाने हुडकून काढतात आणि अंधारात राहते ती एकटी, नवखी स्त्री. शिवाय उघडपणाखेरीज दुसरेही मार्ग आहेत. आशिया बीगा, कृष्णा गुम्मडी आणि गेरहार्ड वायकुम यांनी 2018 साली अशी पद्धत सुचवली की, प्रत्येक वेळची रांग स्वतंत्रपणे न्याय्य करण्याचा अट्टाहास सोडावा आणि अनेक रांगांची बेरीज धरून प्रत्येकाला त्याच्या योग्यतेच्या प्रमाणात लक्ष मिळेल अशी अदलाबदल करीत जावी. योग्यता जवळपास समान असलेल्या तीस खोल्या आज एका क्रमाने, उद्या दुसऱ्या क्रमाने दाखवायच्या, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. त्याने प्रेक्षकाचे फारसे बिघडत नाही आणि विसाव्या जागेवरची स्त्री कधी तरी दुसऱ्या जागेवर येते. स्थळे नवागतांना आरंभीचे काही दिवस निराळी ठळक जागा देतात, म्हणजे अशी अदलाबदल त्यांना करता येते हे त्यांनीच सिद्ध केले आहे.

मला जर यांतून आधी काय व्हावे असे विचारले, तर मी खात्याच्या मालकीपासून सुरुवात करीन. आकडा आणि अनुयायी ज्या व्यक्तीच्या श्रमाने जमले, त्या व्यक्तीच्या नावानेच ते राहावेत, स्टुडिओ बदलला तरी तिच्याबरोबर जावेत, आणि तिने काम सोडले तर खाते बंद व्हावे. दस्तुरीच्या बाबतीत, जी नोंदणी एका महिन्यात पुन्हा एकदाही उघडली गेली नाही तिच्यावर दलालाला काहीच मिळू नये, स्पॅममधून आलेली ठरलेली माणसे प्रेक्षकसंख्येतून वजा व्हावीत, आणि दलालाच्या अपराधाचा दंड आधी कंपनीकडून वसूल व्हावा. मग तिने तो दलालाकडून भरून घ्यावा. तासांच्या सरासरीचा तो निर्दय हिशेब तर उद्याच बदलता येईल. पहाटे चार तास रिकाम्या खोलीत बसून वीस डॉलर मिळवणाऱ्या बाईचे ते चार तास भागाकारातून वगळायला कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. कंपनीच्या एखाद्या अभियंत्याचे अर्ध्या दिवसाचे काम त्याला पुरेल.